टोपलीचं बूड

घोडबंदर रोडला इमारती उठू लागल्या होत्या, तेव्हा बसस्टॉपवर तो म्हातारा रोज दिसायचा. बांबूच्या ओल्या पट्ट्यांनी टोपलीचं बूड विणायचा, समोरच्या बांधकामाकडे बघायचा, बूड उसवायचा, पुन्हा विणायचा. एकदा मला राहवेना.

"अहो, एक तरी टोपली पुरी करा की!"

"बूड शिकवनाऱ्यानं घालायचं, वरचं शिकनारीनं विनायचं. डोंगरात पाड्यावर शिकवायचो. पोरी इथं रेती वाहायला आल्या, म्हनून मीपन आलो."

"मग उसवता कशाला?"

"सुकली की पट्टी मोडते. म्हनून उसवून परत भिजवतो. कोन आलीच तर?"

समोर जेवणाची सुट्टी झाली. त्यानं बांधकामाच्या फाटकाकडे बघत बाकावर सरकून शेजारी जागा केली.

माझी बस आली. मी चढलोच नाही.