काकूंचं वाक्य

बिरवाडीतले माझे घरमालक म्हणजे महाडपासून पोलादपूरपर्यंतचा सर्वांत शूर आणि सर्वांत घाबरट असा एकच माणूस. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले काका चहाच्या टपरीवरही भिंतीला पाठ टेकल्याशिवाय कप हातात घेत नाहीत. भिंतीकडची जागा भरलेली असली तर चहाच नको. दाराची कडी तीनदा तपासतात आणि तिसऱ्यांदा तपासली का, ते मला विचारतात. घरात कुकरला बंदी. मी हिंगोलीहून इथल्या कारखान्यात लागलो, पहिल्याच दिवशी माझ्या कुकरची शिट्टी झाली आणि काका पलंगाखाली! बाहेर आले ते बनियन झटकत. "भात टोपात पन शिजतो रे." मला वाटलं, खोली गेली. पण टोप त्यांनीच आणून दिलं.

असेच एकदा दचकले, तेव्हा त्यांचा हात काकूंना लागला. काकू माहेरी, कापड्याला निघून गेल्या. काकांना तोंडानं काही सांगता येईना, म्हणून त्यांनी नाटक बसवलं, घरी परतलेल्या फौजीचं आणि त्याच्या बायकोचं. काकूंनी ते बघावं आणि परत यावं, एवढ्यासाठी सगळं. फौजी स्वतः काका, बाकी नट तालुक्यातले निवृत्त जवान. तालमीला उशीर झाला की मैदानाला फेरी, गुडघे दुखोत नाहीतर काही. बायकोच्या कामाला बाई मिळेना, म्हणून मी. सातवीत शाळा सोडलेल्या मला काकांनी ओळीवर बोट ठेवून संवाद वाचायला लावले. ते उपकार मी कुठे फेडणार? फक्त एक वाक्य जमेना. नवरा जमिनीवर पडतो तेव्हा काकू घरी म्हणायच्या तेच म्हणायचं, "अवो, घरात हाव आपण."

"जेवायला हाक मारतोस काय रे?" काका करवादायचे.

प्रयोग कापड्याला, देवळासमोर, भर दुपारी. काकू पुढेच बसलेल्या. फटाके नकोत, असं काकांनी गावाला दहादा बजावलं होतं. पण फौजींचा मान म्हणून नारळ फुटताच कुणीतरी माळ लावलीच. काका स्टेजवर पालथे, हात डोक्यावर. लोकांनी टाळ्या पिटल्या. "काय ॲक्टिंग हाय!" मी साडीत उभा, वाक्य विसरून. काकू वर आल्या. हात न लावता शेजारी बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "अवो, घरात हाव आपण."

काका उठून बसले. "येतेस का गो?"

"नाय वो. मला अजून भ्या वाटतं तुमचं."

आणि त्या खाली उतरून गेल्या.

तालमी अजून चालू आहेत. काका पालथे पडतात आणि मला सांगतात, "हळू म्हण रे. ती हळू म्हनली व्हती." मी म्हणतो. काका डोळे मिटून ऐकतात, आणि बराच वेळ उठत नाहीत.