रिकाम्या हाताने फिरायला

दारव्ह्याच्या डॉक्टरने मला गोळ्या दिल्या नाहीत, याचा मला फार राग आला होता. जीपमध्ये मागच्या फळीवर अंग चोरून बसलो, त्याच्या दारात दोन तास ताटकळलो, आणि शेवटी त्याने काय सांगितलं, तर सकाळी उन्हात चालत जा. एकट्याने, शांतपणे, अर्धा तास. दुपारी झोपू नका. माणसांत बसा, हाताला काम ठेवा. महिनाभराने या, मग गोळीचं बघू. परत येताना मी बायकोला म्हटलं, "हे सांगाले येवढा शिकलेला माणूस कायले लागते? आपल्या गावचं कुत्रंबी सकायी उन्हात फिरते." एरवी ती माझ्या असल्या बोलण्यावर हसायची. त्या दिवशी ती जीपच्या बाहेर बघत राहिली.

मी गावातला टेलर. ओसरीत मशीन, भिंतीला कपड्यांचे खिळे, एवढंच माझं दुकान. माझ्या नावावर एक गुंठाही जमीन नव्हती, हे मुद्दाम सांगतो. कारण ती कापसाची वाईट वर्षं होती आणि उदास व्हायचा हक्क जणू सातबारावर नाव असलेल्यालाच होता. करमत नाही म्हटलं, की समोरचा म्हणायचा, "तुले काय झालं? तुह्यं काय बोंडअळीनं खाल्लं?" माझं काय खाल्लं होतं ते मलाही सांगता येत नव्हतं. दोन शर्ट तेवढे खिळ्याला लटकत होते. मापं घेतली, शिवून झाले, काजं-बटणंही झाली, आणि न्यायला यायच्या आधी ती माणसं गेली. कशी गेली ते त्या वर्षांत कुणी कुणाला विचारत नसे. घरच्यांनी शर्ट नेले नाहीत, मीही पोचवले नाहीत.

एकाचं माप माझ्या डोक्यातून जात नव्हतं. छाती अडतीस, बाही तेवीस. त्याच्या घरावरून जाताना ते आकडे आपोआप आठवायचे, म्हणून मी तो रस्ता सोडला. मग चौकात जाणं सोडलं. मग अंघोळ दुपारवर गेली. मशीनवर बसलो की पाय पायडलवर ठेवून तासभर भिंतीकडे पाहायचो. मरावंसं वाटत होतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नव्हतो. जगण्याचा कंटाळा आला होता, एवढं पक्कं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघालो. धुतलेला शर्ट, पायात चप्पल, हात रिकामे. चूक झाली ती इथेच. आमच्या गावात सकाळी पुरुष गावाबाहेर जातो तो टमरेल घेऊन, नाहीतर विळा घेऊन, नाहीतर बैल घेऊन. फिरायला जातात ते यवतमाळचे वकील. त्यातून गेल्या दोन वर्षांत जी माणसं अशी रिकाम्या हाताने शेताकडे गेली होती, त्यांतली काही परत आली नव्हती. गाव ते विसरलं नव्हतं. मीच विसरलो होतो.

शेताकडे जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी पोचलो तोच मागून सायकलची घंटी वाजली. शेजारचा होता, आणि मागे कॅरिअरवर त्याचा म्हातारा बाप.

"कुठी चालले भाऊ?"

"फिराले."

"फिराले? कायले?"

"डॉक्टरनं सांगितलं."

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टरने धडधाकट माणसाला उगाच फिरायला लावावं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतंच. म्हाताऱ्याने उतरून माझा दंड धरला. "चाल बापू, घरी चाल. चहा पिऊ. सूनबाई वाट पाहून राह्यली." मी हात झटकला, एक शिवीही हासडली, आणि त्यामुळे त्यांची खात्रीच पटली. एक या बाजूला, एक त्या बाजूला, मधे मी, अशी आमची वरात गावातून निघाली. हातपंपावरच्या बायकांनी पाण्याचे गुंड खाली ठेवून पाहिलं. मला लाजेने मेल्यासारखं झालं. आणि आत कुठेतरी, आपल्या मागे कुणी सायकल काढली याचं बरंही वाटलं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

बायको दारातच उभी होती. लोक गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "हातात टमरेल तरी घ्याचं होतं." मग आत गेली. दुपारी कापड बेतायला बसलो तर कात्री जागेवर नाही.

"कात्री काहून उचलली?"

"शेजारी ठेवली. लागली की आणून देईन."

टेलरची कात्री! मी टेप फेकला, स्टूल लाथाडलं, नाही नाही ते बोललो. ती ऐकून घेत राहिली आणि कात्री आली नाही. पुढे मग रोजचाच खेळ झाला. सकाळी मजुरीने कापसाच्या वेचणीला जायच्या आधी ती कात्री आणायची, माझं बेतून होईपर्यंत समोर पायरीवर बसायची आणि जाताना परत नेऊन ठेवायची. डॉक्टर म्हणाला होता हाताला काम ठेवा. माझ्या कामाला माझ्याच घरात पहारा बसला होता.

तरी मी डॉक्टरने सांगितलेलं सगळं केलं. टमरेल घेऊन चालायला लागलो, तेव्हा कुणी वळूनही पाहिलं नाही. माणसांत बसलो, तर माणसं अळीबद्दल बोलत होती. थोड्या दिवसांनी बायको मला वेचणीलाच घेऊन गेली. कमरेला फडक्याची झोळी बांधून मी बायांच्या ओळीत उभा राहिलो, तेव्हा एक जण म्हणाली, "टेलरभाऊ, बोंडाचं माप घेऊन राह्यले काय?" सगळ्या खिदळल्या. मीही हसलो. सकाळच्या दवाने पाला ओला असतो तोवर कापूस स्वच्छ निघतो, म्हणून बाया भराभर हात चालवायच्या. माझी बोटं बोंडांच्या टोकांनी रक्ताळली, पण पाठीवर ऊन आलं, झोळी फुगली, आणि तासभर मला अडतीस-तेवीस आठवलं नाही. डॉक्टर खोटं बोलला नव्हता. बरं वाटत होतं. फक्त ते बरं वाटणं बांध ओलांडून घरापर्यंत येत नव्हतं. ओसरीत पाय ठेवला की सगळं जसंच्या तसं.

असंच एकदा वेचून परत येताना बायको बांधावर थांबली. बाकीच्या बाया पुढे गेल्या होत्या.

"एक इचारू? खरं सांगजा. तुमच्या मनात तसं येते काय?"

"नाही" म्हणायचं होतं. तो शब्द तोंडात आला आणि बाहेर निघेना. शेवटी म्हणालो, "रोज नाही येत."

ती बांधावरच बसली. मला वाटलं आता रडेल, गाव गोळा करेल. ती मातीकडे बघत म्हणाली, "मंग आल्यावर मले सांगत जा. मी रोज इचारीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरा चहा पुढे ठेवताना तिने विचारलं, "आज?" मी म्हणालो, "हाये थोडं." त्या दिवशी ती मजुरी बुडवून घरी थांबली. माझ्या शेजारी बसून बटणं लावत राहिली. मग ते रोजचंच झालं. "आज?" "हाये." "आज?" "कमी हाये." ऊन, चालणं, वेचणी यांनी जे झालं नाही ते या एका शब्दाने थोडंफार झालं. ते माझ्या एकट्याच्या डोक्यात राहिलं नाही, अर्धं तिच्याकडे गेलं. तिच्याकडे गेलेल्या अर्ध्याचं ती काय करते, हे माझ्या मनातही आलं नाही. मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटणारा माणूस फार आपमतलबी असतो.

हिवाळा संपता संपता एक दिवस कात्री मशीनवर ठेवलेली दिसली. ती उचलली. शाळेच्या एका गणवेशाचं कापड बेतलं.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी तिने विचारलं, "आज?" आणि मी पटकन म्हणालो, "आज नाही." खरोखरच नव्हतं. इतकं हलकं वाटलं की मला तिची थट्टा करावीशी वाटली. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी तिच्याच आवाजाची नक्कल करत विचारलं, "अन् तुले? तुह्या मनात येते काय वं?"

तिचा हात थांबला. मी हसतच होतो. ती वर बघेल आणि काहीतरी खवचट बोलेल, म्हणून वाट पाहत होतो. तिने वर पाहिलं नाही.

"मले कोनी इचारलंच नाही," ती म्हणाली. "तुमच्याबी आधीपासून हाये."