आईसमोरची खूण

डिचोलीच्या एका शाळेत मी नववीच्या मुलींकडून आरोग्याच्या सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घेत होते. तंबाखू-दारूचे प्रश्न संपले. शेवटचा प्रश्न होता, ‘मनातलं कुणाशी बोलता?’ खाली आई, बाबा, मैत्रीण, कुणीच नाही असे पर्याय होते. पहिल्या बाकावरची मुलगी पेन धरून नुसती बसली होती. मला पेडण्याची बस गाठायची होती.

“अगं, आईवर खूण कर नि दे,” मी म्हटलं.

तिने निमूट खूण केली आणि फॉर्म देताना हळूच म्हणाली, “टीचर, आई नाही मला.”

तरी मी तो घेऊन गठ्ठ्यात घातला. बसमध्ये तिचा फॉर्म शोधायला लागले, पण कुणाचंच नाव नव्हतं आणि बहुतेकींची खूण आईवरच होती. दुसऱ्या दिवशी लाजेने मी कुणाला काही सांगितलं नाही. गठ्ठा तसाच ऑफिसात दिला.