नुसता असतो

ती घटना आठवली, की आजही जपाची माळ बोटांतच थांबते. बारामतीतील एका ठाण्याचा कार्यभार तेव्हा माझ्याकडे होता. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल पाहत होतो, तोच भवानीनगरचे एक वयस्क गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी बारामतीत रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीस होती आणि रोज एस.टी.ने येऊन सायंकाळी पावणेसहाच्या गाडीने परतत असे. सहा महिन्यांपासून एक इसम तिच्या मागे आहे, अशी तक्रार होती.

"त्याने काय केले?" मी विचारले.

"काय करत न्हाय, साहेब," ती म्हणाली. "नुसता असतो."

स्टँडवर असतो. गाडीत दोन बाकं मागे असतो. प्रयोगशाळेसमोरच्या झाडाखाली असतो. एकदा तिने कंडक्टरबाईंच्या देखत त्याला "माझ्या मागं येऊ नका" असे बजावले होते. तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

आमच्या हवालदारांनी लेखणी खाली ठेवली. "तात्या, यष्टी काय तुमच्या एकट्याची हाय का? बाकावर बसला म्हणून माणूस आत टाकला, तर आख्खी गाडीच ठाण्यात आणावी लागंल. आन् घर तर तुमचं इंदापूरच्या हद्दीत."

"मग हिला घरीच बसवतो," वडील म्हणाले. "नोकरी गेली तर जाऊ द्या."

मुलीने मान वर केली. "तात्या, तो असतो म्हणून मी नसायचं व्हय?"

मी तिला गाडीची वेळ बदलून पाहण्याचा सल्ला दिला. ठाणे दैनंदिनीत नोंद केली नाही. तेव्हा तो सल्ला मला शहाणपणाचा वाटला होता.

तीन आठवड्यांनी त्याच कंडक्टरबाई ड्यूटी संपवून, गणवेशातच ठाण्यात आल्या.

"साहेब, एक गडी रोज भवानीनगरचं तिकीट काढतो. उतरतो, आन् मिळंल त्या गाडीनं माघारी. म्या इचारलं, पाव्हणं, घर कुठं? म्हणला, सुपं. आता सुप्याची वाट हिकडनं कधी झाली वो? ती पोरगी बिचारी दोनदा गाडी बदलून बसली. आता एक थांबा आधीच उतरती अन् चालत जाती. हा बी तितंच उतरतो."

माझ्या सल्ल्याने त्याचे काहीच अडले नव्हते. तिचा रस्ता मात्र एका थांब्याने लांबला होता, आणि तो ती एकटी चालत होती.

त्या सायंकाळी संध्येस बसलो, पण चित्त ठरेना. नित्याचे स्तोत्र म्हणताना 'त्राहि', म्हणजे 'राख', या शब्दावर जीभ अडली. पाठशाळेत गुरुजींनी शिकवले होते, की भिणे आणि राखणे या दोन्ही क्रियांना एकच पंचमी विभक्ती लागते. वाघापासून भय, वाघापासून रक्षण. त्या वाक्यात वाघ काहीही करीत नाही. झडप घालत नाही, डरकाळी फोडत नाही. तो आहे, एवढेच भयास पुरते. मी मात्र ठाण्यात बसून कर्ता आणि कर्म शोधीत राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी महिला उपनिरीक्षकांनी मुलीचा जबाब घेतला. या वेळी पहिला प्रश्न होता, "तो केव्हापासून आणि कुठे कुठे असतो?" जबाब चार पाने झाला. त्यात मला नवीन असे एक होते. हा इसम प्रयोगशाळेत तीन वेळा तिच्याकडूनच रक्त तपासून गेला होता. तिन्ही वेळा निरोगी. कंडक्टरबाईंनीही साक्ष दिली. गुन्हा दाखल झाला आणि इसमास चौकशीसाठी आणले.

चांगल्या घरचा, विवाहित, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस. जराही घाबरलेला नव्हता.

"मी काय केलं, साहेब? गाडीत योगायोगानं असतो. नुसता असतो."

तेच दोन शब्द! मी कागद चाळत सहज म्हणालो, "पावणेसहाच्या गाडीला असता ना?"

"पावणेसहा कुठली? परवापासनं ती सव्वासातच्या गाडीनं जाती."

योगायोग संपल्याचे त्याच्याही ध्यानात आले. मग तो एकदम उसळला. "मी तिला कधी हात लावला का? इचारा तिला! उलट तिनंच माझा हात धरलाय. तीन येळा."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. असे वाक्य मात्र कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

दोषारोपपत्र गेले, पुढे शिक्षाही झाली. परंतु मला स्वस्थता लाभली नाही. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार मागे जाणे, संपर्क साधत राहणे, तिच्या मोबाइलवरच्या वावरावर पाळत ठेवणे, हा दखलपात्र गुन्हा आहे. अंगाला हात लागेपर्यंत थांबावे लागत नाही. हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने ती नोंदवता येते, मग ती हद्दीच्या ठाण्याकडे पाठवली जाते. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. पाठलाग करणाऱ्याचे संदेश किळस आली तरी पुसू नयेत. तो पुरावा असतो. हे सारे मला पहिल्या दिवशीही ठाऊक होते. मी प्रश्नच चुकीचा विचारला, म्हणून ते तिच्या उपयोगी पडले नाही.

गेल्या महिन्यात साखर तपासण्यासाठी त्याच प्रयोगशाळेत गेलो. तिने ओळखले. "या, साहेब. आता पावणेसहाच्याच गाडीनं जाते," ती हसून म्हणाली. मी बाही वर केली. तिने माझा हात धरला, आणि सुई टोचण्यापूर्वी क्षणभर दाराकडे पाहिले. मीही पाहिले.

दारात कोणी नव्हते.

"मूठ आवळा, साहेब," ती म्हणाली.