काचेआडचा हत्ती

लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी पुठ्ठ्याच्या पुस्तकांचा सेट आणला. वाशीच्या मॉलमधून आणला, हे त्यांनी दुधवाल्यालासुद्धा सांगितलं. एका पानावर एक चित्र आणि खाली एक शब्द, बस्स. हत्ती, चेंडू, सफरचंद. पानं जाड, कोपरे गोल. पोराने चावावीत, आपटावीत, त्यांवर लाळ गाळावी म्हणूनच केलेली वस्तू. रेड्याने तुडवली असती तरी फाटली नसती.

आमच्याकडे ती शोकेसमध्ये गेली. रोडपाली गावातला आमचा बंगला नवाच होता आणि त्यात देवघराहून मोठी शोकेस होती. कुणी कधी चहा न प्यायलेले कप आणि खोक्यातून कधीच बाहेर न निघालेली बाहुली तिथे मांडलेली. पुस्तकांना जाऊबाईंनी प्लास्टिकची कव्हरं घातली आणि कुलपाची किल्ली कमरेला खोचली. पाहुणे आले की हत्तीचं पुस्तक बाहेर निघे. पोरीपासून हातभर लांब धरून त्या विचारत, "ह्यो काय हाय, बाय?" पोर झेपावली की लगेच, "हात नको लावू, फाटंल!" मग पाहुण्यांनी छान छान म्हणायचं आणि पुस्तकाने परत आत जायचं. ही यांची शिक्षणाची आवड!

मी एकदा म्हटलं, "जाऊबाई, देऊ या ना तिला. चावू दे."

"तुज्या पनवेलात चावत असतील पुस्तकं. आमच्यात नाय."

माझी लेक अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहेत, वाट बघा. वाट बघणं सांगणाऱ्याला सोपं असतं. भाजी निवडताना, तिला न्हाऊ घालताना मी एकटीच बडबडत राहायची आणि ती नुसती टकामका बघायची. आतून मी भ्यायले होते. त्यात जाऊबाई आल्यागेल्याला ऐकवायच्या, "एवढी भारी पुस्तकं आणली, तरी पोरगी मुकीच." त्या शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिसऱ्या वाढदिवसाला घर माणसांनी भरलं. केक कापून झाल्यावर जाऊबाईंनी किल्ली काढली, पुस्तक काढलं, हत्तीचं पान उघडलं. "ह्यो काय हाय, बाय?"

लेकीने बोट पुढे केलं. मग स्वतःच मागे घेतलं, दोन्ही हात पाठीशी बांधले आणि हुबेहूब जाऊबाईंच्या सुरात म्हणाली, "हात नको लावू, फाटंल."

"बोलली! बोलली!" एकच गलका झाला. सासूबाईंनी तिची दृष्ट काढली, कुणी पेढे आणायला धावलं. मी तिला उचलून घट्ट धरलं. मला रडू फुटलं आणि त्याच वेळी ती काच फोडावीशी वाटली.

जाऊबाई मात्र पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "बगितलं? पुस्तकांनी फरक पडतो." मग पदराने हत्ती पुसला, जागेवर ठेवला आणि कुलूप लावलं.