फणसाचा चीक

आता वाड्यावर पोलिसांची जीप आली की पटापट दारं लागतात. पूर्वी गोव्यात आमच्या मांद्र्याला फेरीवर येणारा हवालदार आमच्या पायरीशी दंडुका टेकवून आईला हाक मारायचा, “वायच उदक दी गे.” पाणी पिऊन मिशा पुसायचा आणि गुराढोरांची चौकशी करून निघायचा.

कोकणी-मराठीच्या भाषा आंदोलनात एका सकाळी पोरांनी फणसाचं झाड तोडून रस्त्यात आडवं टाकलं. नेमकी बाळंतपणाला म्हापशाला निघालेल्या बाईची गाडी तिथं अडकली. हवालदार आला. कुणी तोडलं, हे त्यानं विचारलंच नाही. टोपी काढून एकटाच फांद्या ओढू लागला. आम्ही कडेला उभे. कुऱ्हाड आणील तोच तोडणारा ठरून तुरुंगात जाणार, हे सगळ्यांना कळत होतं.

शेवटी माझा थोरला भाऊच घरातून कुऱ्हाड घेऊन आला. ती घेताना हवालदारानं त्याचे चिकानं काळे झालेले हात पाहिले.

“खोबरेल लाव रे. फणसाचो चीक पाण्यान सुटना,” म्हणाला आणि घाव घालू लागला. मग सगळेच पुढे सरसावले.

दुसऱ्या दिवशी पायरीशी दंडुका टेकल्याचा आवाज आला. हाक यायच्या आधीच भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेला.