जुन्या रेडिओची जागा

मी मुद्रितं तपासते. छापायला निघालेल्या पुस्तकांतले ऱ्हस्व-दीर्घ, निसटलेले अनुस्वार, जागा चुकलेले स्वल्पविराम शोधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. वडील गेल्यापासून हात मंदावला आहे. कधी कधी एकाच पानावर सकाळ जाते आणि मग लक्षात येतं की चूक नव्हतीच, मीच तिथं थांबले होते.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. आमचं गाव कोथरूडच्या पलीकडे, टेकडी ओलांडली की लागायचं. आता ते शहरातच आलं आहे. शेत होतं तेव्हा अप्पांचा ट्रॅक्टर शेतात चालायचा. पुढे आजूबाजूला इमारती उठू लागल्या, तेव्हा तोच ट्रॅक्टर ट्रॉली जोडून पायाची माती वाहू लागला. धुळीनं खोकला धरला म्हणून अप्पांनी मार्केट यार्डाजवळच्या एका वेल्डिंगवाल्याकडून ट्रॅक्टरला पत्र्याची केबिन करून घेतली. समोरच्या काचेच्या वर एक आडवी पट्टी होती. तिच्यात त्यांनी भंगारात निघालेल्या मोटारीचा रेडिओ बसवला. दोन बाजूंना दोन गोल खुंट्या, मधे पिवळट काच आणि काचेत सरकणारा लाल काटा. इंजिन चालू असताना त्यातलं एक अक्षर ऐकू यायचं नाही. अप्पा तो लावायचे ते ट्रॉली भरेपर्यंत, इंजिन बंद करून.

माझं लग्न कोथरूडमध्ये झालं. सासरचे सगळे शिक्षक. सासूबाई मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. अप्पा महिन्यातून एकदा यायचे, येताना पिशवीत काहीतरी असायचंच. कधी वालाच्या शेंगा, कधी बोरं. चहा घ्यायचे, सासूबाईंशी पावसापाण्याच्या गप्पा मारायचे आणि निघायचे.

माझ्या मुलीच्या एका वाढदिवसाला ते आले तेव्हा घर भरलेलं होतं. सोसायटीतली मंडळी, यजमानांच्या शाळेतले सहकारी. कुणीतरी विचारलं, "काय आजोबा, बरे आहात ना?"

"बरा हाय की," अप्पा म्हणाले.

मी म्हटलं, "अप्पा, हाय नाही. आहे."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी हसत होते. लोकही हसत होते. त्या हसण्याचा मला धीर आला असावा. मी म्हटलं, "म्हणा बघू. बरा आहे."

अप्पा दारातच उभे होते. पिशवी अजून हातातच होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "बरा आहे."

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "झाली का तोंडी परीक्षा? आता गुणही सांगून टाक. आणि त्यांच्या हातातली पिशवी घे आधी."

त्यांचा टोमणा मला लागला. पण माझं वागणं मला लागलं नाही. ते लागायला बरीच वर्षं जावी लागली.

पुढचे काही महिने अप्पा आमच्याकडे आले की हो, नको, बरं एवढंच बोलायचे. आणि मग एका सकाळी ते सोफ्यावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सासूबाईंना म्हणाले, "आपली प्रकृती कशी आहे?"

सासूबाई चकित झाल्या. "उत्तम आहे. आपली?"

"समाधानकारक आहे," अप्पा म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "येत्या चोवीस तासांत तुरळक ठिकाणी पावसाच्या हलक्या सरी कोसळण्याची शक्यता आहे."

सासूबाईंना इतकं हसू आलं की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "अहो व्याही, मग आज वाळवणं घालू की नको, तेही सांगा." अप्पांनी गंभीरपणे खिडकीबाहेर पाहिलं. "वाळवणं घालण्यास हरकत नाही. परंतु नागरिकांनी दक्षता घ्यावी."

तेव्हापासून त्या दोघांचं हे ठरूनच गेलं. अप्पा आले की सासूबाई विचारायच्या, "काय, काय अंदाज?" आणि अप्पा सांगायचे. एकही क्रियापद चुकायचं नाही. मी स्वयंपाकघरात असायचे. मला वाटायचं, अप्पा मला टोचताहेत. मुद्दाम बोलताहेत असं, मला ऐकू जावं म्हणून. एकदा मी चहाचा कप जरा आपटूनच ठेवला.

चार वर्षांपूर्वी अप्पांच्या पंचाहत्तरीला त्यांना काय द्यावं याचा मी बराच विचार केला. ट्रॅक्टर माझा धाकटा भाऊ चालवायला लागला होता, तरी अप्पा त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसून रोज जायचेच. तो जुना रेडिओ खरखरायचा. मी ठरवलं, नवीन बसवून द्यायचा. पेन ड्राइव्ह लावता येईल असा. त्यात मी स्वतः रात्री बसून भजनं आणि जुनी भावगीतं भरली. खूप प्रेमानं भरली, हे खोटं नाही.

स्वारगेटच्या मागच्या एका गल्लीत गाड्यांचे टेप-रेडिओ बसवणारा एक माणूस आहे. भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला, अप्पा त्याच्याबरोबर. कारागिरानं जुना रेडिओ हातानं चाचपला आणि मला म्हणाला, "ताई, याच्यावर मीडियम वेव्ह हाय. नव्यावर नसतंय ते. नुसतं एफएम. बातम्याबितम्या लागायच्या न्हाईत त्या जुन्या स्टेशनवरच्या. चालंल ना?"

त्याच्या 'हाय'कडे माझं लक्षही गेलं नाही. परक्याचं ते मला कधीच खुपलं नव्हतं.

मी म्हटलं, "चालेल. त्यांना कुठे बातम्या ऐकायच्या असतात!"

अप्पा माझ्या शेजारी उभे होते. कारागिरानं त्यांच्याकडे पाहिलं. "काय बाबा, काढू?"

"ती म्हणती ना," अप्पा म्हणाले. "काढ."

नवा रेडिओ लांबट चौकोनी. जुन्याच्या जागी तो मावेना. कारागिरानं करवतीनं पत्रा कापून जागा मोठी केली. कापताना जो आवाज झाला त्यानं अप्पा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. तेव्हा मला वाटलं होतं, आवाजाचा त्रास झाला. जुना रेडिओ कारागीर भंगारात टाकत होता, तो अप्पांनी मागून घेतला आणि गोणपाटात गुंडाळून सीटखाली ठेवला. "असू दे," म्हणाले. मी म्हटलं, "अप्पा, कशाला ती अडगळ?" ते केबिनमध्ये चढून बसले.

त्यानंतर कोथरूडच्या घरातलं हवामान हळूहळू बंद पडलं. सासूबाई विचारायच्या, "काय व्याही, अंदाज?" अप्पा म्हणायचे, "काय सांगता येत नाही." मग एकदा, पुष्कळ दिवसांनी, त्यांनी दारातूनच हात वर केला आणि जोरात म्हणाले, "गुड मॉर्निंग पुणे! कसं काय, मंडळी, सगळं कूल?"

नव्या रेडिओवर सकाळी कुणीतरी असंच ओरडत असणार. सासूबाई हसल्या. माझी मुलगी तर लोळायची बाकी राहिली. मी म्हटलं, "अप्पा, काहीतरीच काय. शोभतं का?"

त्यांनी हात खाली घेतला. पुन्हा त्यांनी काही करून पाहिलं नाही. हो, नको, बरं. गेल्या पावसाळ्यानंतर खोकल्यानं उचल खाल्ली, दवाखान्यात पंधरा दिवस होते. नर्सनं "आजोबा, कसं वाटतंय?" विचारलं की ते आधी माझ्याकडे बघायचे आणि मग नुसती मान हलवायचे. शेवटचं त्यांचं पूर्ण वाक्य कोणतं होतं, हे मला आठवत नाही. मी फार प्रयत्न केला आहे.

तेराव्यानंतर भाऊ केबिन साफ करत होता. मी पायरीवर बसले होते. सीटखालचं गोणपाट त्यानं बाहेर काढून सोडलं, आत जुना रेडिओ. मी विचारलं, "हा अजून ठेवलायस?"

"त्यांनीच टाकू दिला न्हाई." भावानं खुंटीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "ट्रॉली भरस्तोवर ह्याच्यावर बातम्या लावायचे, ताई. बाई बोलली की तिच्या मागनं बोलायचे. शाळेत पाढे म्हणतात ना, तसं. माती भरणारे गडी हसायचे."

"कशासाठी?"

"मीबी विचारलं एकदा. तर म्हणले, कोथरूडला जायचं हाय."

मी पायरीवरच बसून राहिले. भाऊ आपल्या कामाला लागला. त्याला वाटलं, मला माहीत असणारच.

ते माझ्यावर चिडून बोलत नव्हते. मी एकदा सर्वांसमोर परीक्षा घेतली, आणि त्यानंतर हा माणूस मातीच्या ढिगाशेजारी बसून वर्षानुवर्षं अभ्यास करत होता. आणि त्याचं एकुलतं एक पुस्तक मी त्याच्यासमोर, त्याच्या वतीनं होकार देऊन, काढून घेतलं. वर भेट म्हणून.

गेल्या आठवड्यात मी भावाला म्हटलं, जुना रेडिओ परत बसवू या. त्यानं का म्हणून विचारलं नाही. त्याच गल्लीत गेलो. कारागिरानं नवा रेडिओ काढला, जुना त्या जागी धरला आणि सोडला. तो सरळ आत गेला. त्यानं तो हातानं पकडून बाहेर काढला.

"भोक मोठं झालंय, ताई. तेव्हा कापलं ना आपण."

"काहीच करता येणार नाही?"

"लाकडाची चौकट मारतो. पण हलंल जरा. पहिल्यासारखा न्हाई बसायचा."

चौकट मारायला तासभर लागला. तारा जोडल्यावर बराच वेळ नुसती खरखर आली. मग काटा कुठेतरी थांबला आणि एका बाईचा आवाज आला, स्वच्छ, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा. मी केबिनमध्ये एकटीच होते. कारागीर खालून ओरडला, "हाय का आवाज?"

मला 'हाय' म्हणायचं होतं. एकदा तरी, अप्पांच्या केबिनमध्ये. मी आधी मनात म्हणून पाहिलं, मग हळूच तोंडानं. लहानपणी मी तेच बोलत असणार, पण आता ते नक्कल केल्यासारखं निघालं. टिंगल केल्यासारखं. मी खाली वाकून म्हटलं, "आहे. येतोय आवाज."

भाऊ वर चढला. त्यानं इंजिन चालू केलं आणि बाईचा आवाज बुडाला. चौकटीत रेडिओ खडखडू लागला. गल्ली अरुंद, मागे एक टेम्पो येऊन उभा राहिलेला. भावानं माझ्याकडे पाहिलं आणि इंजिन परत बंद केलं.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. "ओ, ट्रॅक्टर! मुक्काम करायचाय का हितं?"

"दोन मिनटं, भाऊ," माझा भाऊ केबिनबाहेर डोकं काढून म्हणाला. "हवामान राह्यलंय."

आम्ही हवामान संपेपर्यंत बसलो. बाईच्या मागून कुणी काही म्हटलं नाही.